सात परतींचा गळा

यंत्र तयार होतं, शाई तयार होती, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्या माझ्या मंदाआत्याचा गळाही तयार होता. अडलं होतं ते एवढ्यावरच, की शाईला जे सांगायचं होतं ते यंत्राला ऐकू येत नव्हतं. यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलावं हे ठरवणाऱ्या समितीत मी नऊ वर्षं बसते आहे. म्हणून डॉ. यास्मिन मुजावरांनी मला मिरजेला बोलावून घेतलं आणि चहापाणी वगैरे काही न विचारता यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला.

'माध्यमाचा कडकपणा: एक आकडा भरा.'

"एक कुठला भरू?" त्या म्हणाल्या. "वरच्या थराचा की तळच्या? तुम्हीच सांगा शरयूताई, रकाना तुमचा आहे."

रकाना खरंच माझा होता.

आत्या म्हणजे ह.भ.प. मंदाकिनी माईणकर. चाळीस वर्षं नारदीय कीर्तन करते. नऊवारी, खांद्यावरून घेतलेला पदर, हातात झांजा, आणि उभं राहिल्यावर एकदम वीस वर्षांनी कमी होणारं वय. तिच्या कीर्तनाला माणसं विनोदासाठी येत, रडण्यासाठी येत, प्रसादासाठीही येत. पण द्रौपदीचं आख्यान असलं की फक्त हाकेसाठी येत. भर सभेत सगळे थोर लोक माना खाली घालून बसलेले, आणि ती कृष्णाला हाक मारते. आत्या ती हाक खालच्या षड्जावर उचलायची आणि एका श्वासात, मध्ये कुठेही पाऊल न टेकता, वरच्या षड्जापर्यंत न्यायची. तबलजी हात थांबवायचा. मी ती हाक लहानपणापासून किमान साठ वेळा ऐकली असेल. साठही वेळा मला वाटलं, की देवाला आता यावंच लागणार, त्याचा इलाज नाही.

मग गाठ झाली. गाठ काढताना गळ्याचा जो भाग गेला तो आता छापून बसवायचा होता.

स्वरतंतू हे नाव फसवं आहे. गळ्यात तंतू नसतात. नखाएवढ्या दोन घड्या असतात. प्रत्येक घडीचा वरचा थर खरवसासारखा लिबलिबीत, त्याखाली जरा घट्ट, त्याखाली आणखी घट्ट, आणि तळाशी स्नायू. पण या थरांच्या मध्ये कुणी रेघ मारलेली नसते. मऊपणा हळूहळू घट्टपणात उतरत जातो. आवाज चढतो तेव्हा थरथर या उतारावरून खाली सरकते. उतार सलग असतो म्हणून मींड, म्हणजे सुरावरून सुरावर न तुटता सरकणं, सलग लागते. आत्याच्या गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी घेऊन डॉक्टरांनी त्या वाढवल्या होत्या, जेलीत कालवल्या होत्या. तिलाच ते शाई म्हणत. ही शाई आणखी बारा दिवस जिवंत राहणार होती. जखमेवर एकदा वण धरला की पुन्हा काही करता येणार नव्हतं.

आता माझ्या समितीचं पाप सांगते. पूर्वी प्रत्येक कंपनीचं छपाईयंत्र फक्त आपल्याच कागदाला ओळख द्यायचं. मग सगळ्यांनी मिळून एक सामाईक वर्णनपत्र केलं. कागदानं आपला आकार, जाडी, रंग, कडकपणा ठरलेल्या रकान्यांत सांगायचा. यंत्रानं आपल्याला काय काय जमतं ते सांगायचं. दोन्ही जुळलं की छपाई. कागदामागून कापड आलं, प्लास्टिक आलं, औषधाच्या गोळ्या आल्या, आणि शेवटी माणसाच्या पेशी आल्या. दर वेळी आम्ही जुन्याच पत्राला नवे रकाने जोडत गेलो. पाया मात्र कागदाचा राहिला. आणि कागद कसा असतो? या कोपऱ्यात जेवढा कडक, तेवढाच त्या कोपऱ्यात. म्हणून एका माध्यमाला कडकपणा एक. रुग्णालयाला वर्णनपत्राबाहेरचं काही छापायला कायद्यानं बंदी, कारण त्याशिवाय कोण कुणाच्या शरीरात काय छापेल याचा नेम नाही. तेही बरोबरच.

म्हणजे यंत्राला उतार छापता येत होता. शाईला उतार देता येत होता. पण दोघांनाही तसं म्हणता येत नव्हतं. त्यासाठी शब्दच नव्हता.

"सरासरी आकडा भरला तर?" मी विचारलं.

"तर तुमच्या आत्या बोलतील. भाजीवाल्याशी भांडतील. फोनवर खुशाली विचारतील," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आत्याचं कीर्तन ऐकलं होतं, म्हणून पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

खरं तर 'कडकपणाची उतरंड' असा रकाना असावा ही सूचना दोन वर्षांपूर्वी मीच मांडली होती. आमच्या समितीची रीत अशी, की अध्यक्ष श्रीनिवासन सर सूचना वाचतात, ती वगळावी असं कुणी सुचवलं तर दहा आकडे मोजतात, आणि तेवढ्यात कुणी हरकत घेतली नाही तर सूचना बाद. त्या दिवशी दत्तजयंती होती. बैठक फोनवर आणि मी मंदिराच्या सभामंडपात, खांबाला टेकून, एका कानात बैठक आणि दुसऱ्या कानात कीर्तन. आत्या हाकेजवळ आली तेव्हा मी बैठकीचा कान मोकळा केला. हाक संपेपर्यंत माझी सूचना बाद झाली होती. इतिवृत्तात लिहिलं आहे: 'श. माईणकर, उपस्थित. हरकत नाही.'

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन करत सुटले. यंत्र बनवणारे म्हणाले, आमच्याकडे सगळं आहे, शाईवाल्यांनी सांगितलं तर छापू. शाईवाले म्हणाले, आम्ही आनंदानं सांगू, रकाना दाखवा. समितीच्या कार्यालयातल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की नव्या रकान्यासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी तो वापरून दाखवावा लागतो, मग पंचेचाळीस दिवसांची सूचना, मग मतदान. आणि रकाना नसताना तो वापरून कसा दाखवायचा, असं मी विचारलं, तर त्यांनी मला नियम क्रमांक वाचून दाखवला. तो नियम माझ्याच हातचा होता. लिहिला तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

रोज संध्याकाळी मी आत्याच्या घरी जायचे. तिला बोलायची बंदी. ती पाटीवर लिहायची. 'काय म्हणतायत तुझी यंत्रं?' मी म्हणायचे, चाललंय. ती लिहायची, 'देव बघतोय.' मला त्या वाक्याचाही राग यायला लागला होता. बघतोय तर सही कर म्हणावं.

सातव्या दिवशी सही मागायला जे आले, त्यांचं नाव अभिराम सबनीस. यंत्राच्या कंपनीचा प्रतिनिधी. इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. त्यांच्या कंपनीनं उतरंडीसाठी स्वतःपुरता एक खासगी रकाना केला होता. समितीच्या माध्यम विभागाची प्रमुख म्हणून मी त्या रकान्याला तात्पुरती मान्यता दिली, तर उद्या सकाळी छपाई. मी अट वाचली. तो खासगी रकाना फक्त त्यांच्याच कार्ट्रिजमधली शाई वाचणार होता. एकदा मान्यता मिळाली की देशातल्या प्रत्येक रुग्णालयाला गळ्यासाठी, हृदयाच्या झडपांसाठी, सगळ्यासाठी त्यांच्याच दारात उभं राहावं लागलं असतं. वाईच्या प्रयोगशाळेत किंवा कुडाळच्या कॉलेजात जी शाई बनते तिला यंत्रानं ओळखच दिली नसती. पुन्हा तेच: आपल्याच कागदाला ओळखणारं यंत्र. ज्या रोगावर औषध म्हणून आमची समिती जन्माला आली, तो रोग मी माझ्या सहीनं परत आणायचा.

"मॅडम, तात्पुरतीच आहे," सबनीस म्हणाले.

"आमच्याकडे तात्पुरतं काही जात नाही हो. अजून फ्लॉपीचा रकाना आहे."

ते हसले. "विचार करा. घरचा माणूस आहे."

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. तिथेच नाही म्हटलं. आणि आत्याला विचारलं नाही. तिनं 'घे' असं पाटीवर लिहिलं असतं, तर मी सही केली असती, हे मला ठाऊक होतं.

फ्लॉपीवरून मात्र एक गोष्ट डोक्यात आली. आमच्या वर्णनपत्रातून काहीच कधी जात नाही. म्हणजे त्याच्या तळघरात काय काय पडलेलं असेल. मी जुनी परिशिष्टं काढून बसले आणि एकोणिसाव्या पानावर ते सापडलं: 'बहुपरती फॉर्म'. पूर्वी गॅसच्या, कुरिअरच्या पावत्या असायच्या ना, वर पांढरी, मग गुलाबी, मग पिवळी, मध्ये कार्बन. त्या छापणाऱ्या खडखड्या यंत्रांसाठी केलेला प्रकार. त्यात माध्यम एकच, पण प्रत्येक परतीला आपली जाडी आणि आपला कडकपणा. कमाल परती सात. कारण आठव्या कार्बन कॉपीवरचं कुणालाही वाचता यायचं नाही.

मी आत्याचा गळा कुरिअरची पावती म्हणून भरला.

रंगाचा रकाना सक्तीचा होता, म्हणून रंगही भरावे लागले. डॉक्टर मुजावरांनी पडद्यावर वाचलं, 'पहिली परत: पांढरी. दुसरी परत: गुलाबी. तिसरी परत: पिवळी,' आणि पहिल्यांदा त्या हसल्या. "पिवळी कुणी ठेवायची? ग्राहकानं?" मग हसू थांबवून त्यांनी मला विचारलं, की उतार सलग नाही, सात पायऱ्या आहेत, चालेल ना? मी म्हटलं, सरासरीपेक्षा बरं. त्या म्हणाल्या, सरासरीपेक्षा पुष्कळच बरं. आम्ही दोघींनी एकमेकींची अशी समजूत घातली. यंत्रानं शाई ओळखली. छपाईला चाळीस मिनिटं लागली.

पाच आठवड्यांनी आत्या बोलायला लागली. आवाज तिचाच होता, किंचित नवा, नुकत्याच कल्हई केलेल्या भांड्यासारखा. ती पहिलं वाक्य देवासमोर बोलली, दुसरं डॉक्टरांना आशीर्वादाचं, आणि तिसरं मला, की तू फार वाळलीस. मी त्या दिवशी मंदिरात नारळ फोडला. सगळं मिळाल्यासारखं वाटलं.

गायची परवानगी तिसऱ्या महिन्यात मिळाली. पेटीवर बोट ठेवून तिनं षड्ज लावला. लागला. पंचम लागला. वरचा षड्ज लागला. मग तिनं डोळे मिटले आणि खालून हाक उचलली.

आवाज चढला आणि अडखळला. पुन्हा चढला, पुन्हा अडखळला. घसरगुंडीच्या जागी कुणी जिना बांधावा तसं. मी नकळत मोजलं. सातही जागा स्पष्ट ऐकू आल्या.

आत्यानं पेटीचा भाता मिटला. "गळ्यात पेटीच बसवलीस की ग," ती म्हणाली. विनोद तिचाच, पण चेहऱ्यावर नव्हता. पुढचे आठ दिवस तिनं रियाज केला, सकाळी, दुपारी, गुळण्या करून, गरम पाणी पिऊन. वर जाताना कुठल्याही बाजूनं गेली तरी ती सात ठिकाणं तिला गाठायचीच.

नवव्या दिवशी सबनीस सफरचंदं घेऊन तिला बघायला गेले. सहज म्हणाले असतील, की शरयूमॅडमनी तेव्हा मनावर घेतलं असतं तर. मी संध्याकाळी गेले तेव्हा सफरचंदं तशीच पिशवीत होती आणि आत्या झोपाळ्यावर, न हलता.

"तुझ्याकडे दुसरा रस्ता होता?"

मी सगळं सांगितलं. कार्ट्रिजचं, वाईचं, कुडाळचं. शंभर रुग्णालयांचं. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. दत्तजयंती, खांब, एक कान. मला वाटलं होतं ते ऐकून ती तरी विरघळेल. तिचं कीर्तन ऐकण्यापायीच तर झालं होतं.

"तुझं चुकलं असं मी म्हणत नाही," आत्या म्हणाली. "मीही नाहीच म्हटलं असतं बहुतेक. पण ते मी म्हणायचं होतं. दधीचीची कथा मी दोनशे वेळा सांगितली असेल. देव त्याच्याकडे जातात, हात जोडतात, हाडं मागतात. तो देतो. परस्पर काढून नेली असती तर त्याला कथा म्हणतात का शरू?"

ती झोपाळ्यावरून उठली.

"जा आता. मला माळ घ्यायचीय."

तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्या तीन आठवड्यांत मी दुसरं काहीच केलं नाही, फक्त उतरंडीच्या रकान्याचा प्रस्ताव नव्यानं लिहिला. सोळा पानं, आलेख, आवाजाच्या लहरी, मोजमापं. मंगळवारच्या बैठकीत मांडला. आणि मिळालेल्या उत्तरानं मी अक्षरशः टेबलावर डोकं टेकवलं.

श्रीनिवासन सर म्हणाले, की अभिनंदन, बहुपरती फॉर्मचा उपयोग फारच कल्पक होता. बंगळुरूच्या सदस्यानं सांगितलं, आता आणखी चार रुग्णालयं तसंच छापतायत आणि तक्रार एकही नाही. अर्थात नाही, तिथले रुग्ण गात नव्हते. कुणीतरी म्हणालं, काम भागतंय तर नवा रकाना कशाला? सात परती कमी पडतात याला आकड्यांशिवाय काही पुरावा आहे का? मी म्हटलं, आकडे हाच पुरावा असतो. ते म्हणाले, आकड्यांत फरक दोन टक्क्यांचा दिसतोय. आणि खरंच दोन टक्क्यांचाच होता. माझ्याच जुगाडानं माझा रकाना मारला. विषय वगळायचा की नाही याचा अखेरचा निर्णय पुढच्या मंगळवारी.

मी आत्याकडे गेले. या वेळी झोपाळ्यासमोर खाली बसले आणि सगळं पहिल्यापासून, काही न गाळता, तिच्यासमोर ठेवलं. तुझा गळा आता बदलणार नाही. हा रकाना आला तरी तुला त्याचा उपयोग नाही. पण पुढच्या कुणाला होईल. त्यांना ऐकवायला हवंय, आणि ऐकवण्यासारखं माझ्याकडे फक्त तुझं तुटणं आहे. नऊ अनोळखी माणसांसमोर. तू नाही म्हणालीस तर मी सोळा पानं घेऊन जाईन आणि हरेन.

तिनं पायानं झोपाळा थांबवला.

"किती वाजता असते?"

"अकराला."

"जेवून गाता येत नाही. फराळ करून येईन. आणि त्यांना सांग, मध्ये कुणी बोलायचं नाही."

मंगळवारी आत्या ठेवणीतली नऊवारी नेसून माझ्या टेबलाशी उभी राहिली. बस म्हटलं तर म्हणाली, बसून कीर्तन होत नाही. पडद्यावर नऊ चौकोनांत नऊ चेहरे. तिनं त्यांना नमस्कार केला, आणि मराठी ज्यांना कळत नव्हतं त्यांच्यासाठी मोडक्या हिंदीत द्रौपदीची गोष्ट चार वाक्यांत सांगितली: सभा भरली आहे, मोठमोठे बसले आहेत, सगळ्यांना दिसतं आहे, कुणी बोलत नाही. मग तिनं हाक उचलली.

पहिल्या तुटीवर बंगळुरूच्या माणसानं आपला आवाजाचा जोड तपासला. त्याला वाटलं, लाईन खराब आहे. दुसऱ्या तुटीवर त्याचा हात थांबला. आत्यानं काही झाकलं नाही, कुठे श्वास घेऊन उडी मारली नाही. प्रत्येक जागी आवाज तुटू दिला आणि तिथून पुन्हा उचलला. चाळीस वर्षं जी गोष्ट ती लोकांना सुंदर करून द्यायची, ती तिनं उघडी करून ठेवली. वर पोचली तेव्हा घामानं तिचं कपाळ डबडबलं होतं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी पडद्याकडे बघत राहिले. तिथे बऱ्याच जणांच्या माना खाली होत्या.

श्रीनिवासन सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी विचारलं, की अम्मा, आधी हे कसं होतं? मी जुनं ध्वनिमुद्रण लावलं. दत्तजयंतीचंच होतं. ते संपल्यावर कुणी दोन टक्क्यांचं नाव काढलं नाही. पण आमची समिती ती समितीच. अर्धा तास चर्चा झाली. उतार सरळ रेषेत मोजायचा की वक्र, एकक कोणतं, जुन्या यंत्रांचं काय. शेवटी इतिवृत्तात ओळ पडली: 'विषय वगळला नाही. खुला. पुढील विचार एकवीस तारखेस.'

पडदा बंद केला. आत्या खुर्चीत बसली, पाणी प्यायली.

"म्हणजे काय झालं? मिळाला का रकाना?"

"नाही. खुला ठेवला."

"एवढं गायले आणि नुसता खुला?"

मी म्हटलं, आमच्यात याला फार मोठा विजय म्हणतात. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. तिनं समजूत घातली नाही. पिशवीतून आपली कार्यक्रमांची वही काढली. तीत तारीख, गाव आणि आख्यान असे तीन उभे रकाने तिनंच पट्टीनं आखलेले असतात. गेले सात-आठ महिने ती पानं कोरी होती. तिनं चष्मा लावला, एकवीस तारीख लिहिली, गावाच्या जागी 'समिती' लिहिलं, आणि पेन थांबवून मला विचारलं, "एकवीसला कुठलं लावू? द्रौपदीच परत, की त्यांना आता दधीची सांगू?"